न्योर्ड एसिर देवांमध्ये कसा काय?

खारावारा:
नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, पुराणकथा वाचतोय. ओडिन, थोर, बाल्डर हे एसिर कुळातले देव आणि वानिर हे दुसरं कुळ, इथवर कळलं. पण न्योर्ड, फ्रेयर, फ्रेया ही वानिर मंडळी एसिरांच्या यादीत दिसतात. लोकीचा बाप तर जोटुन, म्हणजे देवांच्या वैरी राक्षसकुळातला, तरी लोकीही तिथेच. मग एसिर कोणाला म्हणायचं?

उत्तरध्रुव:
जन्मावर जाऊ नका. हे कुळ शब्दावर आणि शपथेवर उभं आहे, आणि मला ते त्याचसाठी आवडतं.

दोन्ही कुळांत युद्ध झालं. कोणीच हटेना, तेव्हा तह करून एकमेकांकडे ओलीस पाठवले. न्योर्ड आणि फ्रेयर इकडे आले, होनिर आणि मिमिर तिकडे गेले. होनिर उंचपुरा, देखणा. वानिरांनी त्याला लगेच सरदार केलं. पण शहाणा मिमिर शेजारी नसला की सभेत त्याचं ठरलेलं उत्तर: काय ते इतरांनी ठरवावं! आपल्याला फसवलं म्हणून वानिरांनी मिमिरचं डोकं उडवून एसिरांकडे पाठवलं. ओडिनने ते कुजू नये म्हणून वनस्पती चोळल्या, मंत्र म्हटले आणि त्या डोक्याशी तो सल्लामसलत करू लागला.

आता बघा, एवढं होऊनही न्योर्डच्या केसाला धक्का लागला नाही. उलट ओडिनने त्याला आणि फ्रेयरला यज्ञांचे पुरोहित नेमलं. फ्रेयाने एसिरांना सेइद ही जादूविद्या शिकवली.

शेवंता_७:
पण हे सगळं स्नोरी स्टुर्लुसनचं ना? तो तेराव्या शतकातला आइसलँडचा ख्रिस्ती लेखक. आइसलँडने 1000 च्या सुमारासच धर्म बदलला होता. कितपत धरून चालायचं?

उत्तरध्रुव:
शंका रास्त आहे. स्नोरी या कथेत देवांना आशियातून आलेले राजे ठरवतो, ते मीही सोडून देतो. पण न्योर्ड ओलीस आला हे स्नोरीवर अवलंबून नाही. 1270 च्या सुमारास लिहिलेल्या कोडेक्स रेगियस या हस्तलिखितातल्या काव्यांतही ते आहे. त्यातलं 'लोकासेन्ना' जरूर वाचा. मेजवानीत लोकी एकेकाची लाज काढतो आणि न्योर्डला ओलीसपणावरून टोचतो. न्योर्ड शांतपणे सांगतो की मी ओलीस आलो खरा, पण माझ्या मुलाचा (म्हणजे फ्रेयरचा) कोणी द्वेष करत नाही आणि तो एसिरांमध्ये श्रेष्ठ गणला जातो. म्हणजे वानिराचा मुलगा, आणि मान एसिरांतला!

लोकीचं उत्तरही तिथेच आहे. तो ओडिनला आठवण देतो, आपण दोघांनी रक्तात रक्त मिसळलं होतं. त्या जोरावरच त्याला बसायला जागा मिळते.

शेवंता_७:
स्कादी राहिली की! जोटुन थियाझीची मुलगी. एसिरांनी बाप मारला म्हणून शस्त्रं घेऊन चालून आली, तर भरपाईत नवरा निवडायला सांगितलं, तोही फक्त पाय बघून. बाल्डर समजून निवडला, निघाला न्योर्ड.

खारावारा:
'लोकासेन्ना'च आधी घेतो.