मदत हवी आहे: मानसशास्त्राच्या एमएच्या मुलांना शोधनिबंधांचं इंग्रजी कसं शिकवावं?

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. यंदा एमए मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आठवड्याचे दोन तास 'इंग्रजी' म्हणून ठेवलेत आणि ते माझ्याकडे आलेत. अभ्यासक्रम असा काही नाही. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला छोटा संशोधन प्रकल्प इंग्रजीतून लिहून द्यायचा आहे, एवढं नक्की.

मुलं बहुतेक मराठी माध्यमाची. बीएला विषय मराठीतून शिकलेली, आणि मन लावून शिकलेली. अभिजात अभिसंधान (दोन गोष्टी वारंवार सोबत आल्याने लागणारी सवय) आणि साधक अभिसंधान (बक्षीस-शिक्षेमुळे लागणारी सवय) यांतला फरक एका मुलीने मला तिच्या घरच्या कुत्र्याच्या सवयींवरून समजावला, इतका नेमका की मला पुन्हा विचारावं लागलं नाही. नियंत्रित गट कशाला लागतो हे यांना विचारा, धडाधड सांगतील. पण इंग्रजी शोधनिबंध हातात दिला की पहिल्या वाक्यापासून एकेक शब्द मोबाईलवर शोधत बसतात आणि अर्ध्या पानातच दमून जातात. लिहायला सांगितलं तर मूळ सारांशच उचलतात, चार शब्द बदलतात. आणि प्रत्येक निष्कर्षात 'प्रूव्ह्ड' हा शब्द असतोच, मग अभ्यास नुसत्या सहसंबंधाचा का असेना, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलतात एवढंच दाखवणारा, कारण न सांगणारा.

विभागातल्या सहकाऱ्यांचं म्हणणं, आधी काळ आणि आर्टिकल्स पक्के करून घ्या. मला ते पटत नाही. दहावीपासून तेच व्याकरण या मुलांच्या वाट्याला आलंय आणि त्याने त्यांची भीतीच वाढलीय. या मुलांची समज त्यांच्या इंग्रजीच्या कितीतरी पुढे आहे, आणि ती कागदावर दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

कोणता निबंध आधी वाचायला घ्यावा? उचलेगिरी न ओरडता कशी थांबवावी? आणि व्याकरण शिकवायचंच तर किती? जाणकारांनी कृपया सांगावं.

गोदाकाठ:
मी मानसशास्त्र शिकवतो. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ चा निबंध घ्या. जेमतेम पाच पानं आहेत. विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारलं. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. 'स्मॅश्ड' (जोरात आदळल्या) वापरलं तिथे सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून थोडं जास्त आलं, 'कॉन्टॅक्टेड' (एकमेकींना लागल्या) वापरलं तिथे ३१.८.

वाचायची सुरुवात प्रस्तावनेपासून अजिबात करू नका. पद्धत आणि निकालांचा तक्ता आधी. कोणी भाग घेतला, काय बदललं, काय मोजलं, हे मराठीत विचारा. मुलांना प्रयोग कळतो, त्यामुळे अनोळखी इंग्रजी शब्दांचा अंदाज आपोआप येतो.

तुमच्या 'प्रूव्ह्ड'वरही इलाज याच निबंधात आहे. पहिल्या प्रयोगानंतर लेखक थांबत नाहीत. स्मरणच बदललं, की शब्दामुळे फक्त उत्तर एका बाजूला झुकलं? दोन्ही शक्यता ते मांडतात आणि म्हणून दुसरा प्रयोग करतात. त्यात १५० विद्यार्थी होते. आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? फितीत काच नव्हतीच. तरी 'स्मॅश्ड' गटातले ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'हिट' गटातले ७. हे वाचून झालं की मुलांना विचारा, पहिल्या प्रयोगावरच थांबलो असतो तर किती ठामपणे बोलता आलं असतं? 'सजेस्ट' (सूचित होतं) आणि 'मे' (असू शकेल) कशाला लागतात ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

लीड्सकर:
मी इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना विद्यापीठ सुरू होण्याआधीचं इंग्रजी शिकवते. प्रस्तावनेसाठी भाषातज्ज्ञ जॉन स्वेल्स यांची १९९० ची मांडणी उपयोगी पडते. लेखक आधी विषयाचं महत्त्व सांगतो, मग आजवरच्या कामात काय राहून गेलंय ते दाखवतो, मग आपण काय करणार ते. या तीन जागा तीन रंगांनी खुणा करायला लावा. मँचेस्टर विद्यापीठाचं 'अकॅडेमिक फ्रेजबँक' हे शोधनिबंधात लागणाऱ्या तयार वाक्प्रयोगांचं संकेतस्थळ फुकट आहे. तिथली वाक्यांची सुरुवात उचलली तर ती चोरी ठरत नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. शब्दांच्या लांबलचक याद्या मात्र पाठ करायला देऊ नका.

उचलेगिरीबद्दल: मूळ मजकूर समोर ठेवून लिहिलं की तो उतरतोच. परिच्छेद वाचून कागद पालथा घालायचा, शेजारच्याला मराठीत तोंडी सांगायचं, मग इंग्रजीत लिहायचं, शेवटी मुळाशी ताडून बघायचं. मध्ये मराठी आली की वाक्यरचना मुलाची स्वतःची होते. मराठी माध्यमाचा हा फायदाच आहे, तो सोडू नका.

नवखा_संशोधक:
गोदाकाठ आणि लीड्सकर दोघांना +१. मी स्वतः मराठी माध्यमातून आलो. व्याकरणाचं म्हणाल तर लागतं ते थोडंच. पद्धत आणि निकाल भूतकाळात, निष्कर्षांचा अर्थ वर्तमानकाळात. संदर्भ एपीएच्या (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या) लेखन-नियमांच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे. त्यात 'पी'ची (संख्याशास्त्रातल्या संभाव्यतेची) किंमत लिहिताना दशांश चिन्हाआधी शून्य देत नाहीत, कारण ती एकाच्या वर जात नाही. असं कारण सांगितलं की लक्षात राहतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) उचलेगिरीविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतर मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण तो आकडा लक्ष्य म्हणून वर्गात सांगू नका. मग मुलं अर्थ सोडून टक्केवारीच्या मागे लागतात. आणि कृपया कोणाला सगळ्यांसमोर इंग्रजी मोठ्याने वाचायला लावू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या तासाला लॉफ्टस आणि पामरच घेते, तक्त्यापासून. मोठ्याने वाचायचं पूर्ण बंद.

आता एक अडचण उरते, गुणांची. मराठीतून निबंध नीट समजावून सांगणाऱ्या मुलाला त्याचे वेगळे गुण मिळायला हवेत असं मला वाटतं, पण विभागाला ते कसं पटवून द्यावं? तोंडी मराठी मांडणी आणि लेखी इंग्रजी यांना वेगवेगळे गुण देणारा तक्ता कोणी वापरलाय का? असल्यास त्यातले निकष इथे लिहाल का? विभागाच्या बैठकीत मला तो समोर ठेवायचा आहे.