तीर्थनला ट्राउट पकडून परत सोडायचाय, हाताळायचा कसा?

चिलापीकर:
मंडळी, मे मध्ये घरच्यांबरोबर हिमाचलला चाललोय, तीर्थन व्हॅलीत गुशैणीजवळ मुक्काम आहे. परवाना काढून ट्राउटला गळ टाकायचा विचार आहे पण होमस्टेवाल्याने आधीच सांगून ठेवलंय की नदीतला मासा परत सोडायचा, खायला हवा तर फार्मचा आणून देतो. माझी हरकत काहीच नाही. पण आपण आयुष्यभर धरणावर चिलापी नि रोहू काढले, काठावर ओढायचा, फडक्यात धरायचा, गळ काढायचा आणि पिशवीत, सोडायचा कधी प्रश्नच नाही आला. मामेभाऊ म्हणतो कोरड्या टॉवेलने धर, सटकणार नाही आणि काम पटकन होईल. बरोबर आहे का? सामान म्हणजे साधा स्पिनिंग रॉड, ६ पौंडी तंगूस आणि ट्रेबल हुकवाले (तीन काट्यांचा गळ) स्पिनर, म्हणजे फिरत्या पात्याचं खोटं आमिष. फोटो तर हवाच, बायको काढणार आहे.

पाणकावळा:
टॉवेल घरीच ठेवा भाऊ. ट्राउटच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ना तेच त्याचं चिलखत, कोरड्या फडक्याने किंवा कोरड्या हाताने धरला की तो पुसला जातो आणि तिथे नंतर बुरशी धरते, पांढरट कापसासारखी. मासा सोडताना मस्त पळतो, आपण खूश, आणि तो मरतो नंतर कुठेतरी दगडाखाली, आपल्याला कळतही नाही. हात आधी नदीत बुडवून ओले करायचे. काठावर, वाळूत, दगडावर अजिबात आणायचा नाही.

दुसरं ते ट्रेबल हुक काढून टाका. स्पिनरच्या रिंगमध्ये एकच सिंगल हुक लावा आणि त्याचा बार्ब म्हणजे तो उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मग गळ काढायला फक्त मागे वळवायचा, मासा पाण्यातच असताना, कित्येकदा हात लावायचीही गरज पडत नाही. तंगूस ढिली पडू दिली तर एखादा सुटेल, सुटू दे, नाहीतरी सोडायचाच होता.

जाळी रबराची घ्या, गाठी असलेली नायलॉनची नको, पर फाटतात. आणि खेळवत बसू नका. ६ पौंडी ठीक आहे, त्याहून बारीक लावू नका, बारीक दोऱ्यावर मोठा मासा दमवून दमवून आणणं ऐकायला भारी वाटतं पण त्याच्या अंगात लॅक्टिक ॲसिड साठतं आणि तो तिथेच अर्धा संपतो.

फोटोचं सांगतो कारण खरी गोची तिथेच होते. १९९२ सालचा कॅनडातला एक अभ्यास आहे रेनबो ट्राउटवर. पार दमवलेले मासे पाण्याबाहेर न काढता ठेवले तर ८८ टक्के जगले, ३० सेकंद हवेत धरले तर ६२ टक्के, पूर्ण मिनिट धरले तर २८. टाकीतला प्रयोग होता आणि मासे मुद्दाम दमवलेले, त्यामुळे नदीवर आकडे हेच येतील असं नाही, पण रोख कळतो. म्हणजे वहिनींनी कॅमेरा उघडून फोकस करून तयार राहायचं, मासा तोवर जाळीत, पाण्यात. तुम्ही हो म्हणाल तेव्हा उचलायचा, पाणी निथळतंय तोवर क्लिक, परत खाली. उचलताना एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली सैल. पुढच्या परांच्या मध्ये दाबायचं नाही, काळीज तिथेच असतं. कल्ल्यात बोट तर नकोच नको.

खवय्या_सातारा:
सोडायचाच होता तर धरला कशाला राव?? आणि तसाही तो विलायती मासा, इंग्रजांनी आणून सोडलेला. तळून खा. उगाच माशाच्या तोंडात गळ घालून फोटो काढायचा आणि वर आम्ही निसर्गप्रेमी.

पाणकावळा:
@खवय्या विलायती आहे हे खरंच. काश्मीरमध्ये १९०० च्या आसपास आला, कुलूत १९०९ पासून. आणि इथल्या मूळच्या स्नो ट्राउटला त्याचा त्रास होतो असं म्हणणारे अभ्यासक आहेत, ते मी नाकारत नाही. पण आता होमस्टे, गाईड यांचं पोट त्याच नदीतल्या माशावर आहे, आलेल्या प्रत्येकाने तळायला नेले तर पुरणार किती? खायचाच असेल तर परवान्याच्या नियमात बसेल तेवढा घेऊन खा, त्यात पाप नाही. पण अर्धमेला करून सोडणं म्हणजे ना खाल्ला ना जगवला.

डेन्वरचा_देशपांड्या:
इकडून एक भर घालतो. पाण्याचं तापमान बघा. ट्राउट थंड पाण्याचा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, २० डिग्रीच्या पुढे गेलं की आम्ही गाशा गुंडाळतो, मग कितीही हळुवार धरा. वर मॉन्टाना राज्यात तर सलग तीन दिवस पाणी ७३ फॅरनहाइटला म्हणजे साधारण २३ डिग्रीला पोचलं की दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद करतात, हूट आउल म्हणतात त्याला. तीर्थनला मे मध्ये बर्फाचं पाणी असणार त्यामुळे ही अडचण बहुतेक येणार नाही, पण स्वस्तातला थर्मामीटर खिशात असू दे.

चिलापीकर:
बापरे, भारी माहिती. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते मी तयार असते, तूच पोज देत बसतोस. दोन शंका. गळ पार घशात गेला तर? आणि सोडताना मागेपुढे हलवायचा असतो ना, व्हिडिओत बघितलंय?

पाणकावळा:
घशात गेला तर उकरायचं नाही, तंगूस तोंडाजवळ कापायची आणि सोडायचा. ओढून गळ काढलेल्यांपेक्षा गळ पोटात ठेवून सोडलेले जास्त जगतात. स्पिनरला हे क्वचित होतं, गांडूळ लावलं की बऱ्याचदा. म्हणून गांडूळ नको.

मागेपुढे नाही. मागे ओढला की कल्ल्यातून पाणी उलटं जातं. तोंड प्रवाहाकडे करून संथ पाण्यात नुसता आधार द्यायचा, धारेत नाही, मोठ्या दगडाच्या आडोशाला बघा. स्वतःच झटका देऊन जाईल. आडवा पडतोय तोवर हात काढू नका.

आणि गुशैणीच्या वर नॅशनल पार्कची हद्द लागते, आत मासेमारी नाही. परवाना देणाऱ्याला विचारून घ्या कुठून कुठपर्यंत चालतं ते.

खवय्या_सातारा:
ठीक आहे ठीक आहे. फार्मचा ट्राउट खाल्लात की चव कशी होती ते मात्र लिहा इथे.