परवाना कोणाच्या नावावर? स्थलांतरित स्त्रियांचे अनुभव

स्थलांतर आणि स्त्रियांची सुरक्षितता या विषयावर बोलणे निघाले की चर्चा बहुधा दोन ठिकाणी जाऊन अडते: रात्री रस्त्यावरून एकटीने चालता येते का, आणि कोणी कोणते कपडे घालावेत. मला या धाग्यात वेगळे विचारायचे आहे. परदेशात राहण्याचा तुमचा परवाना कोणावर अवलंबून होता, त्याचा घरातल्या वागण्यावर काय परिणाम झाला, आणि तिथल्या कायद्याने आपल्याला काय दिले आहे हे तुम्हाला कधी व कोणाकडून कळले? काही जणांना मी मुद्दाम लिहायला सांगितले आहे. कोणाची ओळख पटेल असे तपशील मात्र कृपया टाळावेत.

स्टुटगार्ट, जर्मनी (धागाकर्ती)

सुरुवात मीच करते. पती-पत्नीच्या व्हिसासाठी 2007 पासून बहुतेकांना येण्यापूर्वीच जर्मनची ए-१ म्हणजे प्राथमिक पातळीची परीक्षा द्यावी लागते, तशी मी पुण्यात दिली होती. इथे आल्यावर एकात्मता अभ्यासक्रमाला बसले. त्यात 600 तास भाषा आणि 100 तास इथले कायदे, इतिहास व समाज यांची ओळख असते. त्या शंभर तासांत शिक्षिकेने एक कलम फळ्यावर लिहून समजावले: लग्नाच्या नात्याने आलेल्या व्यक्तीचा परवाना जोडीदारावर अवलंबून असतो, पण वैवाहिक सहजीवनाची तीन वर्षे इथे पूर्ण झाली की तिला स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मिळू शकतो, आणि घरात हिंसा होत असेल तर या तीन वर्षांची अट आड येऊ नये अशी तरतूद त्याच कलमात आहे. ही मुदत 2011 पर्यंत दोन वर्षांची होती. वर्गातल्या निम्म्याहून अधिक बायका त्या दिवशी वही काढून लिहून घेत होत्या, एरवी त्या वह्या उघडल्याही जात नसत.

थोडे विषयांतर करते. त्याच वर्गात समानता हे जणू या मातीत पहिल्यापासून उगवलेले पीक आहे अशा थाटात शिकवले जायचे, तेव्हा मला खटकायचे. स्त्री-पुरुष समान आहेत हे 1949 च्या राज्यघटनेत आले खरे, पण संसाराच्या जबाबदाऱ्यांशी जुळत असेल तरच विवाहितेने नोकरी करावी ही कायद्यातली अट पश्चिम जर्मनीत 1977 पर्यंत होती, आणि लग्नांतर्गत बलात्कार गुन्हा ठरायला 1997 उजाडले. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मतदानाचा हक्क मिळाला तो 1971 मध्ये, म्हणजे भारतीय स्त्रियांनी चार लोकसभा निवडणुकांत मतदान केल्यानंतर. हे सांगितले असते तर नव्याने आलेल्या बायकांना अधिक धीर आला असता, कारण हक्क भांडून मिळवावे लागतात हे त्यांना आपापल्या घरून चांगले ठाऊक असते.

न्यू जर्सी, अमेरिका

मी एच-४ वर आले, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची शेपटी म्हणून. सोबत अभियांत्रिकीची पदवी होती, पण नोकरी करण्याची परवानगी नव्हती. एच-४ वरील काही जणींना काम करता येईल असा नियम मे 2015 मध्ये लागू झाला. मात्र त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेली असावी लागते. म्हणजे माझी नोकरी माझ्या शिक्षणावर नव्हे, तर त्याच्या कंपनीने कागद कधी पुढे सरकवले यावर ठरणार होती.

माझ्या घरात मारहाण नव्हती. पण बँकेचे खाते त्याचे, गाडी त्याची, भाड्याचा करार त्याच्या नावाचा आणि वाद झाला की एकच वाक्य: 'उद्या घटस्फोट घेतलास तर परवा तुला परत जावे लागेल.' या वाक्यातली भीती पूर्णपणे खोटी नव्हती, कारण घटस्फोट झाला की एच-४ चा आधार संपतो. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा 1994 चा कायदा नागरिकांच्या आणि ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांना स्वतःच अर्ज करण्याची वाट देतो, पण एच-१बी वाल्याच्या बायकोला ती वाट नाही. तिच्यासाठी वेगळी सोय आहे: नवऱ्याकडून छळ झाल्याचे दाखवता आले तर स्वतःच्या नावाने काम करण्याचा परवाना मागता येतो. गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांसाठी यू व्हिसा आहे, पण त्याची मर्यादा वर्षाला 10,000 असल्यामुळे रांग फार मोठी असते.

हे सगळे मला कोणाकडून कळले? दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत 1985 पासून काम करणाऱ्या 'मानवी' या संस्थेच्या एका कार्यकर्तीकडून. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात तिने टेबल मांडले होते आणि दोन तासांत त्या टेबलाजवळ मराठी माणूस फिरकला नव्हता. मी गेले ते पाणी पिण्याच्या निमित्ताने. मंडळाच्या एका ज्येष्ठ काकांनी नंतर पतीला विचारले, 'वहिनी तिथे काय करत होत्या?' परक्या देशात आपला समाज आधार देतो हे खरे आहे, आणि तोच समाज पहाराही देतो हेही तितकेच खरे आहे.

लेस्टर, ब्रिटन

मी दुभाषी म्हणून काम करते, म्हणून माझ्यापेक्षा मी ऐकलेल्यांचे अनुभव लिहिते. नव्याने आलेल्या स्त्रीला डॉक्टरांकडे नेताना नवरा किंवा सासू 'आम्हीच सांगतो, दुभाषा कशाला' असे म्हणतात. वरवर ही मदत दिसते. पण अंगावरच्या जखमेबद्दल विचारले असता 'जिन्यावरून पडली' हे उत्तर ज्याच्यामुळे जखम झाली त्याच्याच तोंडून येत असेल, तर त्या स्त्रीपर्यंत प्रश्नसुद्धा पोहोचलेला नसतो. काही घरांत हे काम दहा-अकरा वर्षांच्या मुलीवर पडते, आणि आईचे दुःख इंग्रजीत सांगावे लागल्यामुळे ती मुलगी अकाली मोठी होते. म्हणून घरच्या माणसाला दुभाषा म्हणून कधीही बसू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पैसे न देणे, फोन तपासणे, माहेरी बोलू न देणे, पासपोर्ट लपवणे हे जुलूम सतत चालू राहिले तर इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, हे सांगितल्यावर बायका चकित होतात. त्यांच्या समजुतीने हात उगारला गेला तरच पोलीस येतात. दुसरी भीती 'सरकारी मदत नाही' या व्हिसावरच्या अटीची असते. ब्रिटिश नागरिकाच्या किंवा कायम वास्तव्य असलेल्याच्या पत्नीला हिंसेमुळे घर सोडावे लागले तर तीन महिन्यांची सवलत मिळते. त्या काळात सरकारी मदतही घेता येते आणि कायम वास्तव्यासाठी अर्जही करता येतो. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही 1979 साली सुरू झालेली संस्था आणि तिच्यासारख्या इतर संस्थांनी या सवलतीसाठी अनेक वर्षे लढा दिला.

कुवेत

मी पुरुष आहे, इथे हिशेबनीस म्हणून काम करतो, आणि घरकामासाठी आलेल्या बायकांचे अर्ज लिहून देतो. इथे परवाना नवऱ्याच्या नाही, मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. घरकामगारांसाठी 2015 मध्ये झालेल्या कायद्यानुसार दिवसाला 12 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आठवड्याची सुट्टी द्यावी लागते आणि पासपोर्ट काढून घेता येत नाही. प्रत्यक्षात पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो आणि तो कायद्याविरुद्ध तिथे आहे हे त्या बाईला माझ्याकडून पहिल्यांदा कळते. भारताने अशा कामासाठी जाणाऱ्या स्त्रियांना किमान 30 वर्षे वयाची अट घातली आहे. परिणामी तरुण मुलींना दलाल पर्यटक व्हिसावर आणतात, आणि त्या कोणत्याच नोंदीत सापडत नाहीत.

कोलोन, जर्मनी

धागाकर्तीच्या भूमिकेत मला थोडी भर घालायची आहे. 2015 च्या अखेरच्या रात्री इथल्या रेल्वे स्थानकाबाहेर शेकडो स्त्रियांवर लैंगिक हल्ले झाले. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले पुरुष मोठ्या संख्येने होते. त्यानंतर 2016 मध्ये 'नाही म्हणजे नाही' हे तत्त्व फौजदारी कायद्यात आले, म्हणजे स्त्रीने शरीराने प्रतिकार केला नाही तरी तिचा नकार पुरेसा ठरला. ही मागणी स्त्री संघटना त्याआधीपासूनच करत होत्या. पुढचे काही महिने ट्राममध्ये सावळ्या माणसाकडे ज्या नजरेने पाहिले जाई ती माझ्या भावाने सोसली, आणि गर्दीतून जाताना मी स्वतःही घाबरत होते. या दोन्ही गोष्टी एकाच घरात होत्या. स्थलांतरितांवर राग काढण्यासाठी स्त्रियांची सुरक्षितता वापरली जाते म्हणून आपण हल्ल्यांबद्दल गप्प बसायचे, हे मला मान्य नाही.

टोरांटो, कॅनडा

थोडक्यात लिहितो. पत्नीला बोलावले तेव्हा दोन वर्षे एकत्र राहिले नाही तर तिचे वास्तव्य रद्द होऊ शकेल अशी अट होती. ही अट 2012 मध्ये आली आणि 2017 मध्ये काढून टाकण्यात आली. त्या काळात भांडण झाले की माझ्या हातात एक शस्त्र आहे याची आम्हा दोघांनाही जाणीव असायची. मी ते वापरले नाही, पण पत्नी सांगते की तिला ते रोज दिसत होते.

नागपूर

मी परत आलेली आहे, किंबहुना सोडली गेलेली. नवरा कामाच्या व्हिसावर ब्रिटनमध्ये होता. दिवाळीसाठी म्हणून दोघे नागपूरला आलो, आणि माझा पासपोर्ट घेऊन तो एकटाच परतला. काही महिन्यांनी तिथल्या न्यायालयाची घटस्फोटाची कागदपत्रे पोस्टाने आली. वकील ताईंनी दोन निकाल दाखवले. 1991 च्या नरसिंह राव खटल्यानुसार, आपल्या विवाह कायद्यात नसलेल्या कारणावरून आणि पत्नीने तिथे हजर राहून बाजू न मांडता झालेला परदेशी घटस्फोट इथे बंधनकारक नसतो. 2019 च्या रूपाली देवी खटल्यानुसार, छळाची तक्रार सासरच्या गावी जाऊनच नव्हे, तर आसरा घेतलेल्या ठिकाणीही करता येते. तक्रार मी नागपुरातच केली.

लेस्टर, ब्रिटन

नागपूरच्या ताईंसाठी: 2024 पासून इथल्या नियमांत अशी तरतूद आहे की नवऱ्याने परदेशात टाकून दिलेली पत्नी तिकडूनच कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकते. आपण चौकशी केली आहे का?

नागपूर

केली होती. ती तरतूद ब्रिटिश किंवा कायम वास्तव्य असलेल्यांच्या पत्नींसाठी आहे. माझा नवरा तेव्हा कामाच्या व्हिसावर होता, त्यामुळे मी त्यात बसत नाही. आता माझ्याकडे लग्न ठरलेल्या मुली व्हिसाचे अर्ज घेऊन येतात, तेव्हा मुलगा कोणत्या व्हिसावर आहे हे मी पगाराच्या आधी विचारते.