मदत हवी आहे : स्ट्रीट ट्रायल्सच्या सायकलला रिम ब्रेक घ्यावा की डिस्क?

सप्रेम नमस्कार. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो आणि गेली दोन वर्षे साध्या २६ इंची एमटीबीवर (माउंटन बाइकवर) स्ट्रीट ट्रायल्सचा (पाय न टेकता ओटे, कठडे अशा अडथळ्यांवर सायकल चढवण्या-उडवण्याच्या कसरतींचा) सराव करीत आहे. मागच्या चाकावर उभे राहून जागच्या जागी उड्या मारणे आता जमते. परंतु गेल्या महिन्यात गुडघाभर उंचीच्या ओट्यावर चढण्यासाठी पॅडलला जोर दिला, तेव्हा फ्रीव्हील (पॅडल थांबले तरी चाक फिरू देणारा दातेरी भाग) घसरले, पॅडल रिकामे फिरले आणि ओट्याच्या कडेला घासून नडगी सोलली गेली. त्यामुळे आता खास याच कामाची सायकल घ्यायची आहे.

स्कॉटलंडचे ट्रायल्सपटू डॅनी मॅकॅस्किल यांची २००९ ची चित्रफीत पाहिल्यापासून माझा ओढा स्पर्धेतील मोजूनमापून मारलेल्या उड्यांपेक्षा वेगात, न थांबता चालवण्याच्या शैलीकडे आहे, म्हणून सीट असलेली २४ इंची सायकल मी जवळजवळ नक्की केली आहे. अडचण ब्रेकची आहे. हायड्रॉलिक रिम ब्रेक (तेलाच्या दाबाने चाकाची कडा, म्हणजे रिम, पकडणारा) चाक जागीच घट्ट धरतो, मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या रिमवर त्याची पकड सुटते. डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळची चकती पकडणारा) ओल्यातही चालतो, पण मागच्या चाकावर तोल धरताना चाक किंचित हलल्यासारखे जाणवते.

ज्यांनी दोन्ही ब्रेक वापरले आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव कळवावा. तसेच माझ्या शैलीला फ्रीव्हील पुढच्या क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) असलेले बरे की मागच्या हबमध्ये (चाकाच्या मध्यभागी), हेही सांगावे.