हिचहायकर्स गाइड : कुठल्या क्रमाने वाचू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या रद्दीवाल्याकडे डग्लस ॲडम्सच्या या विनोदी विज्ञान-कादंबऱ्यांच्या मालिकेचे सुटे भाग मिळाले. पहिलं (१९७९) वाचून झालं. बायपाससाठी नायक आर्थरचं घर पाडायला बुलडोझर येतो आणि तेवढ्यात अख्खी पृथ्वीच अंतराळातल्या बायपासच्या आड येते! बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासचं रामायण ऐकलेल्या आम्हा लोकांना हे फार कल्पित वाटत नाही बघा. पण पुस्तक अगदी मध्येच तोडल्यासारखं संपतं, म्हणून दुसरं (१९८०) लगेच घेणार, त्यात शंका नाही.

अडचण पुढची आहे. तिसरं १९८२चं, चौथं १९८४चं. पाचवं थेट १९९२चं, आणि ते बरंच उदास आहे म्हणतात. चौथ्यावर थांबलं तर गोष्ट पुरी वाटते का? सहावं तर ॲडम्स गेल्यावर ओइन कोल्फरने २००९ मध्ये लिहिलं. मला ते उसनं वाटतं, पण वाचलेल्यांनी सांगावं.

आणखी एक, हे सगळं मुळात १९७८ची बीबीसीची रेडिओ मालिका. ती आधी ऐकू की पुस्तकं संपवून? खानापूर-बेळगाव रोजच्या प्रवासात ऐकायला बरी पडेल. मालिकेतल्या झेफॉड या पात्रावरची छोटी कथा कुठे घुसवायची तेही सांगा. शेवट मात्र फोडू नका हं!