मदत हवी आहे: आईने १९८३ साली टीव्हीवर पाहिलेला सिनेमा कोणता?

मंडळी, एका सिनेमाचं नाव हवंय. मला नाही, आईला.

आई-बाबा ८२-८३ साली न्यू जर्सीत होते. तिथे आईने टीव्हीवर एक सिनेमा पाहिला होता. हॉलिवूडची एक नटी राजपुत्राशी लग्न करते, खरी गोष्ट. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई घरातच आहे आणि तिला तो पुन्हा बघायचाय. मी हुशारी करून निकोल किडमनचा २०१४ सालचा मोनॅकोवाला लावून दिला. दहा मिनिटांत तिने चष्मा काढून ठेवला. "ही नव्हे रे. तो टीव्हीचाच होता, मधेमधे साबणाच्या जाहिराती."

तिला आठवतंय ते असं: नटीला ऑस्कर मिळालेलं होतं. ती "आपल्या आगाखान पॅलेसवाल्यांची सून" झाली. शेवटी गाडीचा अपघात. आणि काम करणारी पोरगी त्या तीन बायका गुप्तहेर असतात त्या मालिकेतली.

आम्ही येरवड्याचे. आगाखान पॅलेस बसच्या खिडकीतून रोज बघून बघून तिच्या डोक्यात शिरला असणार, असं माझं मत. ते ऐकून तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. कोणाला काही सुचतंय का?

प्रतिसाद १

आईंची माफी मागा आधी! आगाखानांची सून झालेली नटी होती. रिटा हेवर्थ. १९४९ साली तिने प्रिन्स अली खानशी लग्न केलं. तो तिसऱ्या आगाखानांचा मुलगा, आणि पुण्यातला पॅलेस १८९२ साली बांधला तो याच तिसऱ्या आगाखानांनी. संसार चार वर्षंही टिकला नाही, ते सोडा. तिच्यावरचा टीव्हीपट १९८३ चाच, सीबीएसवर लागला होता, काम लिंडा कार्टरचं. अली खान १९६० साली पॅरिसजवळ गाडीच्या अपघातात गेला. सगळं जुळतंय की.

प्रतिसाद २

सगळं कुठे? रिटाला ऑस्कर कधीच मिळालं नाही, साधं नामांकनसुद्धा नाही. आणि लिंडा कार्टर म्हणजे वंडर वुमन. तीन गुप्तहेर बायका म्हणजे चार्लीज एंजल्स, त्यातली शेरिल लॅड. तिने काम केलं ते ग्रेस केलीचं, मोनॅकोच्या राजाशी लग्न केलेल्या हॉलिवूड नटीचं. सिनेमाचं नावही तेच, एबीसीवर २१ फेब्रुवारी १९८३ ला लागला. तिचा नवरा राजे रेनिए झालाय इयन मॅकशेन, ग्रेसचे वडील लॉइड ब्रिजेस. ऑस्कर ग्रेसचंच, १९५४ च्या सिनेमासाठी. अपघातही तिचाच: १३ सप्टेंबर १९८२ ला मोनॅकोजवळच्या घाटात गाडी खाली गेली, दुसऱ्या दिवशी ती वारली. सिनेमा लागला तेव्हा पाच महिनेच झाले होते.

एकच विचारा आईंना: फेब्रुवारी की नोव्हेंबर? रिटाचा नोव्हेंबरात होता.

(किडमनचा सिनेमाही ग्रेसवरचाच, आणि अमेरिकेत तोही शेवटी टीव्हीवरच आला, २०१५ मध्ये. म्हणजे तुमचा नेम अगदीच चुकला नव्हता.)

धागाकर्ता

विचारलं. महिना आठवत नाही म्हणाली. मग म्हणाली, "तू पोटात होतास. दारासमोर बर्फाचे ढीग, बाबा फावडं घेऊन बाहेर, आणि मी सोफ्यावर पाय वर करून बघत होते." माझा जन्म जूनचा.

प्रतिसाद २

मग निकाल लागला. म्हणजे फेब्रुवारीच. त्या महिन्यात ११-१२ तारखेला तिकडे मोठं हिमवादळ झालं होतं, ते ढीग त्याचेच असतील. ग्रेस केली.

आईंना शिवणकामाची आवड असेल तर हे सांगा. मे १९५५ मध्ये कान महोत्सवाला गेलेली ग्रेस रेनिएला पहिल्यांदा भेटली, त्या दिवशी संपामुळे वीज नव्हती. इस्त्री नाही, केस वाळवायची सोय नाही. मग न चुरगळलेला एकच फुलाफुलांचा टॅफेटाचा झगा होता तो घातला. त्याचं कापणीचं पॅटर्न घरच्या घरी शिवणाऱ्या बायकांसाठी विकायला असायचं. लग्नाच्या पोशाखाचं कौतुक सगळे करतात, तो तर स्टुडिओने शिवून दिला होता. मला हा झगा जास्त आवडतो.

धागाकर्ता

आईला सगळं वाचून दाखवलं. झग्याचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बरं, ही ग्रेस. मग आगाखानांची सून कुठे गेली?"

रिटाचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग:

"अरे, तोही बघितलाय मी! अर्धाच. तू पाच महिन्यांचा होतास, रडून रडून घर डोक्यावर घेतलंस. पुढचं राहिलंच."

तर मंडळी, आता दोन सिनेमे हवेत. जुन्या डीव्हीडी कुणाकडे असतील तर कळवा. दुसरा मध्यापासून चालेल, असं आई म्हणतेय.