१९४४: उपाध्यक्ष वॉलेस यांचा पत्ता का कापला गेला?

पारगाव
२० जुलै १९४४, शिकागो, अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. दक्षिणेतल्या प्रतिनिधींसमोर उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांनी ठणकावलं: पोल टॅक्स गेलाच पाहिजे. हा कर भरल्याशिवाय तिथल्या अनेक राज्यांत मत देता येत नसे. कृष्णवर्णीयांना आणि गरीब गोऱ्यांना मतपेटीपासून लांब ठेवायचं ते हत्यार होतं. त्या रात्री सभागृह वॉलेसच्या नावाने दणाणत असताना पीठासीन अध्यक्षांनी बैठक घाईघाईने तहकूब केली. दुसऱ्या दिवशी उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मतदान झालं. पहिल्या फेरीत वॉलेस ४२९.५, सिनेटर हॅरी ट्रुमन ३१९.५. दुसऱ्या फेरीत ट्रुमन १०३१! त्याच महिन्यातल्या गॅलप जनमत चाचणीत पक्षाच्या मतदारांपैकी ६५ टक्के वॉलेसच्या बाजूने होते, ट्रुमनच्या बाजूने २ टक्के.

वॉलेस गूढवादी आहेत, रशियाकडे झुकलेले आहेत, सिनेटमध्ये कुणाशी जमवून घेत नाहीत, असं सांगितलं गेलं. माझ्या मते ही सगळी नंतर चिकटवलेली कारणं. खरा राग होता वर्णसमानतेचा.

नदीकाठ
पूर्ण असहमत. अध्यक्ष रुझवेल्ट यांची तब्येत ढासळली होती. उपाध्यक्ष निवडणं म्हणजे पुढचा अध्यक्ष निवडणं, हे पक्षातल्या धुरिणांना दिसत होतं. रशियाबद्दलची काळजी चिकटवलेली कशी?

आणि जेम्स बर्न्स यांचं नाव तुम्ही गाळलंत. रुझवेल्ट यांनी त्यांनाही उपाध्यक्षपदाच्या आशेला लावलं होतं. बर्न्स दक्षिण कॅरोलिनाचे, लिंचिंगविरोधी कायद्याला आडवे आलेले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले पक्षनेते एड फ्लिन यांनी बजावलं की हे नाव पुढे केलं तर न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची मतं हातची जातील. कामगार संघटनाही विरोधात गेल्या. नाव कटलं. म्हणजे दक्षिणेतून शिकागो-न्यूयॉर्कला गेलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मताला तेव्हाच वजन आलं होतं. वर्णाचं गणित दोन्हीकडून मांडलं गेलं.

पारगाव
बर्न्सचा मुद्दा मान्य. पण त्यातून निघालं काय? ज्यांची मतं हवी होती, त्यांच्यासाठी उघड बोलणारा माणूस मात्र कुणाला नको होता.

सुमेधा_क
याहून वाईट उदाहरण १८६४ चं. लिंकन यांचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन गुलामगिरीचे कट्टर विरोधक. त्यांच्या जागी टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन आणले, कारण यादवी युद्धाला पाठिंबा देणारे डेमोक्रॅट जोडून घ्यायचे होते. पुढच्याच एप्रिलमध्ये लिंकन यांची हत्या झाली. अध्यक्ष झालेल्या जॉन्सननी १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावर नकाराधिकार वापरला. अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) तो उलटवला म्हणून निभावलं. एका निवडणुकीच्या हिशेबाची किंमत नुकत्या मुक्त झालेल्या लाखो माणसांनी मोजली.

नदीकाठ
सुमेधाताई, जॉन्सनबद्दल वाद नाही. पण तोच न्याय ट्रुमनना लावू नका. १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश क्र. ९९८१ अध्यक्ष म्हणून त्यांनीच काढला, तोही निवडणुकीच्या वर्षात, दक्षिणेतले लोक पक्ष फोडून वर्णभेदाचे समर्थक स्ट्रॉम थर्मंड यांच्यामागे गेलेले असताना. तडजोडीतून आलेला माणूसही उभा राहतो.

पारगाव
त्याच १९४८ मध्ये वॉलेस तिसऱ्या पक्षाकडून उभे होते. गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवलेल्या सभेत बोलणार नाही, म्हणाले. नॉर्थ कॅरोलिनात त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो फेकले गेले, तरी ते हटले नाहीत. ट्रुमन त्या आदेशापर्यंत आले त्याला डावीकडून वॉलेसचा हा दबावही कारण होता. सभागृहातून घालवलेला माणूसच बाहेरून रेटा देत होता, नदीकाठ.

नदीकाठ
दबाव होता, मान्य. सही मात्र निवडून येऊ शकणाऱ्याची लागली. वॉलेसना त्या निवडणुकीत एकही राज्य मिळालं नाही.